रत्नमालेसाठी प्रार्थना

"मावशी, जरा बाजूला येता का? दोनच मिनिटं," आई म्हणाली आणि काकडी चिरायची सुरी तशीच हातात घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेली.

एस्तेरमावशी पदराला हात पुसत तिच्या मागोमाग आल्या. मी टाकीच्या नळावर स्टीलचे पेले विसळत बसले होते. माझ्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं. तेरा वर्षांची पोरगी भांडी विसळत असली की मोठ्या माणसांना ती दिसतच नाही.

"मला आता झेपत नाही हो," आई म्हणाली. "दीनाला शाळेत घालायचं म्हणते."

"कुठल्या शाळेत?"

"नगरला. मुलींची शाळा आहे, वसतिगृह पण आहे. माझा भाऊ अमोस तिथंच गणित शिकवतो. आठवीत घेतील म्हणाला. वसतिगृहात एक खाट राखून ठेवलीय त्यानं, मे संपेपर्यंत."

"शांतवनला सांगितलंस?"

"तेच तर. आज घरी जाताना सांगणार आहे. पण तुम्ही आधी एक शब्द टाकाल का त्यांच्याजवळ? माझं ते ऐकून घेतात, मावशी. तुमचं ऐकतात. नुसतं एवढं म्हणा, की पोरीला शाळेत घातलं म्हणून प्रभू काही रागावत नाही."

मी नळ बारीक केला. माझं सगळं आयुष्य त्या टाकीमागे अडकून पडलं होतं आणि पेल्यात पाणी पडल्याच्या आवाजानं मला पुढचं ऐकू आलं नसतं.

"वसतिगृहात मुलींकडं कोण बघतं?" मावशींनी विचारलं.

"एक बाई आहेत. कडक आहेत पण चांगल्या आहेत म्हणतो अमोस."

"आणि खाट नक्की आहे?"

"नक्की आहे."

"आपण प्रार्थना करू या, माला," मावशी म्हणाल्या आणि आईचा सुरीचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "घाईनं काही करायचं नाही."

"पण कोणाला बोलू नका हं. यांच्या कानावर माझ्याआधी जायला नको."

"अगं, मी कोणाला सांगणार? फक्त प्रभूला."

आई हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला तसं हसताना बघितलं. ती परत काकड्यांकडे गेली आणि मी नळ मोठा सोडून सगळे पेले पुन्हा एकदा विसळले, कारण मला उठून नाचावंसं वाटत होतं आणि त्या मळ्यात नाचायची सोय नव्हती.

मळा थोरातांचा. श्रीरामपूरहून बेलापूरच्या बाजूला, पाटाच्या कडेला. दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आमची 'घरशाळा सहभागिता' तिथं जमायची. नाव ऐकून कोणाला काहीतरी मोठी संस्था वाटेल. दहा-बारा ख्रिस्ती घरं होती, जी आपली मुलं शाळेत न घालता घरीच शिकवत. वर्ष संपलं की आभाराची उपासना, मुलांचं पाठांतर, मटणाचं जेवण आणि जेवणाआधी पालकांसाठी 'उत्तेजनाची वेळ'. उत्तेजन हा आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला शब्द. थकलेल्या माणसाला धीर द्यायचा, पुन्हा उभं करायचं. वर्षभर घरात पोरांशी झुंजून रडकुंडीला आलेल्या आया तिथं यायच्या आणि एस्तेरमावशी त्यांना उत्तेजन द्यायच्या. आया डोळे पुसत घरी जायच्या आणि जूनमध्ये पुन्हा पुस्तकं उघडायच्या.

माझे बाबा यात कसे पडले तेही सांगते. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस लाखात एक. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट बसेपर्यंत दहा वेळा दांडी वाकवून बघणारा. ते एकदा पुण्याला एका संमेलनाला गेले. तिथं कोणी प्रवचनकार म्हणाला की देवानं लेकरं आईबापांच्या ओटीत घातली, मास्तरांच्या नाही. बाबा घरी आले ते हेच धरून. मी तिसरी पास झाले होते. माझी शाळा संपली. पाठोपाठचे माझे दोन भाऊ तर शाळेच्या दारात गेलेच नाहीत.

पण बाबा दिवसभर दुकानात. लेकरं देवानं दोघांच्या ओटीत घातली असली तरी शिकवायची आईनं. आई बारावी झालेली, तीही रडतखडत. मराठी, इतिहास, भूगोल तिनं छान शिकवला. मला अजून नद्या पाठ आहेत. गणित मात्र तिचा जन्माचा वैरी. पाचवीपर्यंत तिनं रेटलं. पुढं ती मला म्हणायची, "दूध बघ गं उतू जाईल," आणि मी स्वयंपाकघरात गेले की पुस्तकाची शेवटची पानं उलटून उत्तर बघायची. मग ते उत्तर येईपर्यंत आम्ही दोघी गणिताला हाणूनमारून तिथं पोचवायचो. उत्तर आधी, गणित मागून. मला वाटायचं, गणित असंच करतात.

त्या वर्षी ईस्टरला अमोसमामा आला होता. त्यानं मला एका कागदावर एक समीकरण घालून दिलं.

"सोडव."

"उत्तर काय आहे ते सांग, मग सोडवते," मी म्हटलं.

मामा खो खो हसला. मग त्यानं आईकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. आई खाली मान घालून अंड्याची टरफलं काढत होती.

"माला," मामा म्हणाला, "पोरीचं डोकं चांगलं आहे गं. वाया घालवू नका."

त्या दिवसानंतर आई पोस्टाजवळच्या टेलिफोन बूथवर जाऊन मामाशी बोलू लागली. खाट ठरली. आणि एके दिवशी तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून तांदळाच्या डब्यात हात घालायला सांगितला. आत, तांदळाच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढऱ्या रिबिनी होत्या. शाळेतल्या मुली दोन वेण्यांना बांधतात तसल्या.

"बाबांना मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही," आई म्हणाली.

मी बोलले नाही. पण रोज तांदूळ मी निवडायला घेऊ लागले. घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं, पोरगी कामाला लागली म्हणून.

तर त्या शनिवारी मंडपात आम्ही बसलो होतो. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मुलं पुढं सतरंजीवर. ऊन असं की मंडपाच्या कापडाखालीही डोळे बारीक करावे लागत होते. माझ्या शेजारी एस्तेरमावशींची हन्ना बसली होती. ती माझ्याच वयाची. मावशींना उशिरा झालेली एकुलती एक, जिवापाड जपलेली. पाठांतरात हन्ना दोनदा अडखळली आणि खाली बसून तिनं माझ्या फ्रॉकच्या बाहीला नाक पुसलं. मला राग आला नाही. जूनमध्ये मी या सगळ्यातून सुटणार होते. मला त्या दिवशी सगळ्यांची दया येत होती.

मग उत्तेजनाची वेळ आली. एस्तेरमावशी माइकपाशी उभ्या राहिल्या. त्या फार गोड बोलायच्या, हे मान्य करायला हवं. वरण करपलं, पाढे चुकले, नवरा म्हणाला दिवसभर घरात करतेस काय, हे सगळं त्या अशा सांगायच्या की बायका हसता हसता रडायच्या. त्या दिवशीही हसवलं. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे टिपले आणि आवाज खाली आणला.

"प्रभूनं आज सकाळी माझ्या मनावर एक ओझं घातलंय. आपल्यातली एक भगिनी थकलीय. फार थकलीय. तिला आपल्या प्रार्थनेची गरज आहे. माला, पुढं ये गं."

आई जागची हलली नाही.

"ये, माला. लाजायचं काय त्यात? सगळी आपलीच माणसं."

बायकांनी तिला हातांनी पुढं सरकवलं. कोणाच्या हाताला ना म्हणावं? आई पुढं गेली. मावशींनी तिला खुर्चीवर बसवलं. थोरातकाकू, चर्चच्या पाळकांची बायको, आणखी कोण कोण, सगळ्यांनी तिच्या डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर हात ठेवले. हातांखाली आई दिसेनाशी झाली. फक्त तिचे पाय दिसत होते. एका पायातली चप्पल निघाली होती.

"डोळे मिटू या," मावशी म्हणाल्या. सगळ्यांनी मिटले.

"हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या लेकराला, रत्नमालेला, तुझ्या चरणांपाशी आणतो. प्रभू, तू तिचं मन जाणतोस. ती निराश झालीय, प्रभू. तू दिलेलं काम तिला जड झालंय. ती आपल्या दीनाला नगरच्या शाळेत, वसतिगृहात ठेवायचा विचार करतेय. तिच्या भावानं तिथं खाटही राखून ठेवलीय, हे तुला ठाऊक आहे, प्रभू. आपल्या पतीला हे कसं सांगावं, हे तिला कळत नाही..."

एस्तेरमावशींनी शब्द पाळला. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. फक्त प्रभूला सांगितलं. माइकवर.

मी डोळे उघडले होते. मी बाबांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. सगळ्या मंडपासमोर त्यांना कळत होतं की आपल्या घरात काय शिजतंय, आणि ते आपल्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे तसं कोणालाच माहीत नव्हतं, पण बाबांना ते कसं कळणार?

एखाद्यानं तोंडावर बोललं तर उलटून बोलता येतं. प्रार्थनेला कोण उलटून बोलणार? ती तुमच्याशी बोलतच नसते. मावशींच्या मागून थोरातकाकूंनी प्रार्थना केली की, प्रभू, या घरावर टपलेल्या सैतानाला धमकाव. मग पाळकांच्या बायकोनं प्रार्थना केली की, प्रभू, माहेरच्या माणसांच्या जगिक सल्ल्यापासून आमच्या बहिणीला राख. तो टोला अमोसमामाला होता. मग एका भाऊंनी माझ्यासाठी प्रार्थना केली, की या कोवळ्या मुलीला बाहेरच्या जगाचं वारं लागू देऊ नकोस. माझं नाव त्यांनी दीपा घेतलं. देवाला बरोबर समजलं असावं.

शेवटी मावशी म्हणाल्या, "शांतवनभाऊ."

बाबा उठले. त्यांनी आईच्या खुर्चीमागे येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतरांचे हात बाजूला झाले.

"प्रभू, मला क्षमा कर. माझी बायको थकली आणि मला दिसलं नाही. दुसऱ्यांचे डोळे तपासतो मी, प्रभू." इथं त्यांना हुंदका आला. बायकांमध्येही हुंदके आले. "मी आज तुला शब्द देतो. माझी लेकरं माझ्या घरातच तुझ्या भयात वाढतील. मी दीनाला बाहेर पाठवणार नाही. दुकान संध्याकाळी लवकर बंद करीन, मी स्वतः शिकवीन. हा माझा शब्द आहे, प्रभू. येशूच्या नावानं मागतो."

"आमेन," मंडप म्हणाला.

आमच्यात अशी रीत होती की ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्यानं शेवटी स्वतः आमेन म्हणायचं. म्हणजे ते त्याला मान्य आहे, ते त्याचं झालं. सगळे थांबले. डोळे मिटून, हात जोडून, आईच्या आमेनची वाट बघत. मटणाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडत होतं तेवढाच काय तो आवाज.

आईचेही डोळे उघडे होते. त्या मिटलेल्या डोळ्यांच्या माणसांत आम्ही दोघीच एकमेकींकडे बघत होतो. मी मानेनं नको नको म्हणत होते. ती बघत होती माझ्याकडे, नीट, बराच वेळ. मग तिनं डोळे मिटले.

"आमेन," आई म्हणाली.

टाळ्या वाजल्या. हन्नानं मला मिठी मारली. "बरं झालं गं, तू नाही जाणार," ती म्हणाली. मटण चांगलं झालं होतं असं सगळे म्हणाले.

परतीच्या एसटीत भाऊ पुढच्या सीटवर एकमेकांच्या अंगावर झोपून गेले होते. मी खिडकीशी, मध्ये आई, कडेला बाबा.

"मला आधी सांगायचं होतंस, रत्ना," बाबा म्हणाले.

"आजच सांगणार होते. इथंच. याच गाडीत."

"त्यांना आधी सांगितलंस."

"तुमच्याजवळ शब्द टाका म्हणून सांगितलं. तुम्ही ऐकाल म्हणून."

बाबांनी समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली. मग म्हणाले, "तू नुसतं म्हणाली असतीस ना, तर मी हो म्हटलं असतं. ईस्टरला अमोसनं घातलेलं गणित मी पण बघितलं होतं. मलाही येत नाही गं ते."

आई वळून त्यांच्याकडे बघायला लागली. मीही.

"मग आता म्हणा," आई म्हणाली.

"आता?"

"आता म्हणा हो. कोण ऐकतंय?"

"प्रभूला शब्द दिला ना मी," बाबा म्हणाले. "सगळ्यांसमोर दिला. तो कसा मोडू?"

मी खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं. गाडी खड्ड्यांतून चालली होती आणि कपाळावर गज आपटत होता. मी तसंच आपटू दिलं.

आई मात्र इतक्यानं हरली नव्हती. मे महिनाभर ती वाट बघत राहिली. बाबा काही वाईट नव्हते, विरघळतील, असं तिला वाटत होतं. बाबाही रोज थोडे थोडे विरघळत होते. दुकान लवकर बंद करून दोनदा माझ्यासमोर पुस्तक घेऊन बसले आणि दोन्ही वेळा त्यांनाच डुलकी लागली. दुसऱ्या वेळी जागे झाल्यावर म्हणाले, "पाळकांना विचारून बघतो, शब्द कसा फिरवतात ते." आईनं त्या दिवशी गोड शिरा केला. रिबिनी अजून तांदळातच होत्या.

आणि जूनच्या पहिल्या रविवारी अमोसमामा आला. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तो आईवर ओरडला.

"नाही पाठवायची होती तर मला तोंडानं सांगायचंस! मी तिथं बाईंना धरून ठेवलं होतं की येईल, येईल."

"नाही कोण म्हणालं?" आई म्हणाली. "हे पाळकांशी बोलतायत. चार दिवस थांब."

"चार दिवस? खाट गेली, माला. मागच्या आठवड्यात गेली. मी परीक्षेच्या कामाला पुण्याला होतो, परत आलो तर तिथं दुसरी मुलगी झोपलेली. बाई म्हणाल्या, तुमच्या बहिणीच्याच मंडळीतल्या आहेत. त्यांनी येऊन सांगितलं की रत्नमालाबाईंची मुलगी काही येत नाही, तिच्या वडिलांनी देवाला शब्द दिलाय, तर ती खाट रिकामीच असेल ना?"

"कोण मुलगी?" आईनं विचारलं. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. तरी तिनं विचारलं.

"हन्ना का काय ती."

आईच्या पुढ्यात सुपात तांदूळ होते. ती ते निवडत राहिली. खडे नव्हते त्यात, मीच सकाळी निवडून ठेवले होते. तरी ती निवडत राहिली.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर एस्तेरमावशी स्वतः आमच्याकडे आल्या. लपवाछपवी त्यांनी केली नाही, हेही सांगायला हवं. त्यांनी आईचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं पाणी होतं.

"माला, तुला काय सांगू? हन्नाला अक्षरं लागत नव्हती गं. वर्षभर मी रडून काढलं. सगळ्यांना उत्तेजन द्यायचं आणि घरी जाऊन उशीत तोंड घालायचं. मला कोण उत्तेजन देणार? मी प्रभूला रोज म्हणत होते, मला एखादी खूण दाखव. आणि त्या दिवशी तू टाकीमागे येऊन त्या शाळेचं बोललीस. मी तिथंच ओळखलं, हे प्रभूचं उत्तर आहे."

"माझ्या तोंडून," आई म्हणाली.

"हो गं! तुझ्याच तोंडून. बघ, त्यानं दोघींचं ऐकलं. तुझं घर राखलं आणि माझ्या पोरीला दार उघडलं."

मावशींनी तिला मिठी मारली. आईचे हात खालीच होते.

दुसऱ्या वर्षी मंडपात उत्तेजनाची वेळ थोरातकाकूंनी घेतली, आणि त्यांना मावशींची सर नव्हती. एकेक घर गळत गेलं. तीनेक वर्षांत सहभागिता संपली. सगळ्यांची मुलं कुठल्या ना कुठल्या शाळेत गेली. राहिलो ते आम्ही, कारण शब्द आमच्या घरात दिला गेला होता आणि बाबांना तो काही फिरवता आला नाही. मी बाहेरून दहावीला बसले. बोर्डाच्या पेपराला मागं उत्तरांची पानं नसतात. गणित पहिल्यांदा गेलं, दुसऱ्यांदाही गेलं, मग बाबांनी मला दुकानात बसवलं. रिबिनी आईनं त्याच वर्षीच्या नाताळात काढल्या आणि दारावरच्या ताऱ्याला शेपटी म्हणून बांधल्या. छान दिसत होत्या.

आई नंतरही दर रविवारी उपासनेला गेली. पण तिनं प्रार्थनेसाठी म्हणून कोणाला काही सांगितलं नाही. पाळक विचारायचे, रत्नमालाबाई, काही विषय? ती म्हणायची, सगळं ठीक आहे.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. दुकान आता मीच बघते. दुपारी आई येऊन पंख्याखाली बसते, काचा पुसून देते. मागच्या एप्रिलमध्ये, उन्हाच्या वेळी, काठी टेकत टेकत एस्तेरमावशी दुकानात आल्या. कमरेतून वाकल्या होत्या, पण आवाज तसाच गोड.

"नंबर वाढलाय की काय बघ गं, दीना. बायबलचं वचन वाचायला त्रास होतो."

मी त्यांना बसवलं, अक्षरांचा तक्ता लावला, भिंगं बदलून बघितली. त्या आपल्या बोलतच होत्या. हन्ना कॅनडात. मोठ्या कंपनीत होती, आता नोकरी सोडलीय. दोन्ही मुलांना घरीच शिकवते.

"तिथं बायका फार करतात म्हणे," मावशी म्हणाल्या. "तिनं मला फोनवर विचारलं, आई, आपल्या वेळची ती दीना आता काय करते? मी म्हटलं, स्वतःचं दुकान आहे तिचं."

"हो. आहे ना," मी म्हटलं.

"आता मी का आले ते सांगते. आपल्या तरुण जोडप्यांनी सहभागिता परत सुरू केलीय. येत्या शनिवारी वर्षाअखेरची सभा आहे, थोरातांच्याच मळ्यात. पोरी थकल्यात गं बिचाऱ्या. मी म्हटलं, दीनाला बोलवा. आपल्यातली शेवटपर्यंत टिकलेली ती एकटीच. ती आपला अनुभव सांगून साक्ष देईल तर त्यांना केवढं उत्तेजन मिळेल!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पंख्याखालून आई म्हणाली, "ती नाही येणार."

मावशी चपापल्या. आई त्यांना कधी नाही म्हणाली नव्हती. "का गं, माला?"

"शनिवारी दुकान असतं."

"अगं, एक दिवस..."

"नाही येणार ती."

मग त्यांचा चेहरा पुन्हा मऊ झाला. "असू दे. प्रभूची इच्छा. जायच्या आधी आपण प्रार्थना करू या," त्या म्हणाल्या आणि आमच्या हो-ना ची वाट न बघता त्यांनी डोळे मिटले. एक हात पुढं करून त्यांनी काउंटरवरचा माझा हात धरला, दुसरा आईच्या दिशेनं लांब केला. तो हात तसाच हवेत राहिला.

"हे प्रभू, या घरासाठी तुझे आभार मानते. या माउलीनं शब्द राखला, लेकराला तुझ्या भयात वाढवलं. किती वादळं आली, पण तू तिला डळमळू दिलं नाहीस. तिचे श्रम व्यर्थ गेले नाहीत, प्रभू. हे सगळं येशूच्या नावानं मागते."

त्या थांबल्या. आमेनची जागा होती ती.

आईनं डोळे मिटलेच नव्हते. मीही मिटले नव्हते. काउंटरच्या दोन बाजूंनी आम्ही एकमेकींकडे बघत होतो. तिच्या मांडीवर मावशींचा जुना चष्मा होता आणि हातात पुसायचं फडकं. या वेळी मी मान हलवली नाही. तशी गरजच नव्हती.

मावशी डोळे मिटून वाट बघत राहिल्या. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. पंख्याचा आवाज येत राहिला. त्यांच्या पापण्या एकदा थरथरल्या, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. दुकानात कोणीच काही म्हणालं नाही.

शेवटी त्यांनी स्वतःच हळू आवाजात आमेन म्हटलं. आईनं चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला.